वाळूखालचं पाणी आणि एका इंजिनिअरला असलेली मागणी

नोकरीत शिरलेल्या तरुणाला पहिली काही वर्षं कोणी विचारत नाही, असाच सर्वसाधारण अनुभव. पण एखादा असा निघतो की दहा वर्षांत त्याच्या खात्याबाहेरचे लोकही म्हणू लागतात, आमच्याकडे त्यालाच पाठवा. हे घडतं तरी कसं? मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची मुंबई इलाख्यातली नोकरी पाहावी. त्यांचं नाव आपण म्हैसूरशी जोडतो. त्यांना मागणी मात्र निर्माण झाली ती पुण्यात, खानदेशात आणि सिंधमध्ये.

म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. हेच आजचं सीओईपी. १८८३ साली स्थापत्य अभियांत्रिकीच्या एल.सी.ई. परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले आणि १८८४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर झाले. गुणवत्ता होतीच, पण परीक्षेत पहिला तर दरवर्षी कोणी ना कोणी येतोच. पहिल्या क्रमांकाने नोकरी मिळते. मागणी निर्माण होते ती त्यानंतरच्या कामाने.

पहिलं मोठं काम खानदेशात धुळ्याजवळ पांझरा नदीच्या पात्रातून नळाचा सायफन टाकण्याचं होतं. पावसाळ्यात नदीला पूर यायचा आणि खोदलेल्या जागेत वाळू भरायची. काम पावसाळा संपल्यावर करावं, असं त्यांनी वरिष्ठांना लिहून कळवलं. उत्तरात कानउघाडणी झाली. इथे नवखा माणूस एक तर गप्प राहतो, नाहीतर अडून बसतो. विश्वेश्वरय्यांनी आपलं मत कागदावर नोंदवलं आणि मग तेच काम, त्याच अडचणींत, पूर्ण करून दाखवलं. मला हा प्रसंग त्यांच्या पुढच्या सगळ्या पदव्यांपेक्षा मोठा वाटतो. हरकतही स्पष्ट आणि कामही पुरं, असा माणूस वरिष्ठ सहसा विसरत नाहीत.

खरी नवलाची गोष्ट सक्करची. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. १८९४ मध्ये सक्करच्या नळयोजनेसाठी त्यांना पाठवलं गेलं. शेजारून सिंधू वाहते, पाण्याला तोटा नाही, पण ते गढूळ. गाळण्यासाठी मोठे वाळूचे हौद बांधावे लागणार आणि नगरपालिकेकडे तेवढा पैसा नाही. आता जरा थांबून या पेचाकडे पाहा. पाणी वाळूतून झिरपलं की स्वच्छ होतं, म्हणून माणूस हौद बांधतो, त्यात वाळू आणून भरतो आणि वर नदीचं पाणी सोडतो. पण नदीच्या पात्रात वाळू आधीपासून आहेच! विश्वेश्वरय्यांनी हौदांचा खर्च बाजूला ठेवला आणि नदीलगतच विहीर घेऊन वाळूतून झिरपून आलेलं पाणी गोळा करायची योजना केली. जी नदी गाळ आणते, तिच्याच तळाने ते पाणी गाळून द्यायचं. 

त्या काळात भारतातल्या गावोगावी नळाच्या पाण्याची गरज वाढत होती आणि नगरपालिकांच्या तिजोऱ्या रिकाम्या होत्या. थोड्या पैशांत शुद्ध पाणी देणारा इंजिनिअर नेमका तेव्हाच हवा होता. म्हणजे मागणीला दोन बाजू असतात: माणसाचं कसब आणि त्याच्या अवतीभवती साचलेली गरज. कसब कमावता येतं, काळ मात्र मिळावा लागतो. हे नशीब नाकारण्यात अर्थ नाही.

मग पुण्याजवळचं खडकवासला धरण. तिथल्या जलाशयाला तेव्हा लेक फाइफ म्हणत. पावसाळ्यात सांडव्यावरून भरपूर पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात टंचाई. धरणाची भिंत वाढवणं खर्चाचं. त्यांनी सांडव्यावर बसवण्यासाठी स्वयंचलित दारं आखली. ठरलेल्या पातळीपर्यंत दारं पाणी अडवून धरत. पुराने पातळी त्यावर गेली की ती आपोआप उघडत, पूर ओसरला की पुन्हा मिटत. रात्री-अपरात्री धावत जाऊन दारं उचलायला माणूस नको. पाण्याचं वाढणं हाच हुकूम! भिंत तीच, धरण तेच, साठा मात्र वाढलेला. १९०३ च्या सुमाराला ही दारं बसली. त्यांचं पेटंटही त्यांच्या नावावर होतं, पण सरकारी नोकरीत असताना केलेल्या शोधाची रॉयल्टी घेणं त्यांना पटलं नाही. पुढे अशी दारं ग्वाल्हेरच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर बसली.

सक्कर आणि खडकवासला शेजारी ठेवले की त्यांची रीत दिसते. दोन्हीकडे नवं उभारायला पैसा नव्हता, म्हणून त्यांनी आधी जे हाताशी होतं ते नीट पाहिलं: इथे नदीची वाळू, तिथे जुनी भिंत. अडचणीतच साधन शोधणारा माणूस दूरच्या कामासाठीही लोकांना हवासा वाटतो. १९०६ मध्ये पाणी आणि सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठी त्यांना थेट एडनला पाठवलं गेलं, ते यामुळेच.

या मागणीला त्याच खात्यात एक भिंत आडवी आली. अनेक ज्येष्ठांना मागे टाकून ते वर चढले होते, त्याची नाराजी होती. आणि त्या काळी चीफ इंजिनिअरच्या खुर्चीवर भारतीय माणूस बसणं जवळजवळ अशक्य होतं. १९०८ मध्ये त्यांनी स्वतःहून नोकरी सोडली. पेन्शनसाठी लागणारी वर्षं पुरी भरली नव्हती, तरी सरकारने पेन्शन दिली.

त्याच वर्षी सप्टेंबरात मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झालं. विश्वेश्वरय्या परदेश दौऱ्यावर असतानाच निजामाच्या सरकारचं बोलावणं गेलं. १९०९ मध्ये ते हैदराबादेत कामाला लागले आणि त्याच वर्षी म्हैसूरकडूनही चीफ इंजिनिअरचं पद देऊ केलं गेलं. यावेळी त्यांनी लगेच होकार कळवला नाही. संस्थानात तांत्रिक शिक्षण आणि उद्योगधंदे वाढवायला वाव मिळेल का, हे त्यांनी आधी विचारलं. तसं आश्वासन मिळाल्यावरच ते म्हैसूरला गेले.