२४ डिसेंबरचा सिनेमा

आमच्या दारव्ह्यात लहानपणी नाताळ म्हणजे शाळेच्या सुट्यांच्या यादीतला एक दिवस, एवढीच त्याची ओळख. तरीही डिसेंबरचा शेवटचा आठवडा आमच्या घरी सणासारखाच यायचा. मुंबईच्या दादाच्या पोरांना नाताळची सुटी लागायची. मंडळी मूर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरून ‘शकुंतले’त बसायची आणि अरुंद रुळांवरची ती गाडी डुलत डुलत त्यांना दारव्हा-मोतीबाग स्टेशनात आणून सोडायची. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. त्यामुळे पोरांना घरात घेण्याआधी तोंडं धुवायला लावावी लागत. चुलीवर सोलेभात, अंगणात शेकोटी आणि कापसाचा पहिला चुकारा हाती आलेला असला, तर रात्री ‘व्हिडिओ’!

आजच्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी एका रात्रीपुरत्या भाड्यानं मिळत. टीव्ही ओसरीत मांडला, की अर्धी गल्ली सतरंजीवर हजर. कोणते तीन सिनेमे, यावर वाद नसायचा. ते ठरलेले होते.

पहिला ‘देवकीनंदन गोपाला’. २० डिसेंबर ही गाडगेबाबांची पुण्यतिथी. बाबा १९५६ साली गेले. ते आमच्या वऱ्हाडचे. त्यांचं बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात मामाकडे गेलं. राजदत्तांच्या या सिनेमात डॉ. श्रीराम लागू बाबा झाले होते. ते पडद्यावर आले, की गल्लीतल्या म्हाताऱ्या चक्क हात जोडत.

शेवटचा ‘अशी ही बनवाबनवी’. तो १९८८ साली आला आणि आमच्या यादीत जो बसला तो कायमचा. लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन लुगडी नेसून आले, की पोरं लोळायची. सुधीर जोशींचा घरमालक काय बोलणार, हे त्याच्याआधी ओसरी बोलून मोकळी व्हायची.

आणि मधला ‘श्यामची आई’. २४ डिसेंबर हा साने गुरुजींचा जन्मदिवस. गुरुजी १८९९ सालचे. सारं जग दुसऱ्या दिवशीच्या नाताळची तयारी करत असतं, त्या रात्री आमच्या ओसरीत कोकणातला श्याम पोहायला नको म्हणून लपून बसलेला असायचा. आचार्य अत्र्यांच्या या १९५३ सालच्या सिनेमाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, हे आम्ही सामान्यज्ञानात पाठ केलेलं. आईला पदकाशी देणंघेणं नव्हतं. द्रौपदीच्या बंधुप्रेमाचं आशाबाईंचं गाणं लागलं, की ती शेंगा सोलणं थांबवायची, एवढंच.

पण एक गोष्ट दरवर्षी घडायची. सिनेमा शेवटाकडे आला, की आई तोंडावर पदर घेऊन आडवी व्हायची. दिवसभर कापूस वेचून आलेली बाई. थकली, झोपली, असं आम्ही समजायचो. दादा चेष्टेनं म्हणायचा, “आईनं ‘श्यामची आई’ पुरा पाहिलाच नाही!”

पुढे मी नागपूरला नोकरीला लागलो. एका वर्षी डिसेंबरात गेलोच नाही. शेजाऱ्यांच्या फोनवर आईला म्हणालो, “तेच तेच सिनेमे, आई. पाठ झाले आता.”

ती म्हणाली, “वरण-भात बी तोच असते बापा. म्हणून जेवाचं सोडते काय कोणी?”

पुढल्या वर्षी मात्र गेलो. ‘श्यामची आई’ संपत आला, आई आडवी झाली. थंडी होती म्हणून तिच्या अंगावर गोधडी घालायला गेलो आणि पदर बाजूला झाला. डोळे टक्क उघडे होते. ओले.

“झोपली नाहीस?”

तिनं खूण केली : हळू बोल. मग पुटपुटली, “माही माय गेली तवा मी वेचणीले होती. निरोप संध्याकाळी आला. पोचली तं सारं आटोपलं होतं.”

“मग पाहते कायले हा सिनेमा?”

“मायले पाहाले. शेवट नाही पाहत मी. तिथपावतर ती असते नं.”

मी काय बोलणार? गोधडी नीट केली आणि शेकोटीपाशी जाऊन बसलो.

जगातही लोक वर्षअखेरीला तेच तेच पाहतात. फ्रँक काप्राचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ १९४६ साली आला तेव्हा फारसा चालला नाही. १९७४ मध्ये हक्कांचं नूतनीकरण राहून गेलं, टीव्हीवाले तो मुबलक दाखवू लागले आणि तो अमेरिकेतल्या नाताळचा सिनेमाच झाला. जर्मनीत तर ३१ डिसेंबरला १९६३ साली चित्रित झालेलं एक छोटं इंग्रजी प्रहसन दाखवतात, ‘डिनर फॉर वन’. नव्वदीची एक बाई वाढदिवसाला चार मित्रांना जेवायला बोलावते. मित्र कधीच वारलेले आहेत. म्हातारा नोकर रिकाम्या खुर्च्यांपुढे पेले ठेवतो आणि एकेकाच्या वतीनं स्वतःच रिचवत जातो. लोक पोट धरून हसतात. मला मात्र त्या खुर्च्या दिसतात.

आमच्या ओसरीतही आता जागा रिकाम्या झाल्या आहेत. शकुंतला बंद पडली, दादाची मंडळी मोटारीनं येतात. कॅसेटी गेल्या, हवा तो सिनेमा फोनवर मिळतो. आईला जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हा मी नागपूरहून निघालो होतो. यवतमाळ मागे पडलं आणि दादाचा फोन आला.

गेल्या २४ डिसेंबरला पोरांनी भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर ‘श्यामची आई’ लावला. माझी नात पहिल्यांदाच पाहत होती. आशाबाईंचं गाणं झालं. शेवट जवळ आला तसा मी उठलो आणि चहा ठेवायला आत गेलो.

“आजोबा, शेवट तर पाहा!” ती ओरडली.

“तू पाह्य,” मी म्हणालो. “मले पाठ आहे.”