कुस्ती कोण मारणार? भाकिताचे गणित आणि शरीराचा हिशेब

नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत कुस्त्यांचा फड रंगला की, हलगीच्या ठेक्यावर दोन खेळ एकदम सुरू होतात. एक मातीत आणि दुसरा कडेला बसलेल्या प्रेक्षकांत. ‘हा पटात घुसतो बघ’, ‘त्याचा दम दोन मिनिटांत संपणार’, ‘मान बघ त्याची, पोरगं उचलून टाकेल’ अशी भाकिते सुरू होतात. महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या आखाड्याभोवतीही हेच चित्र दिसते.

आता याच मैदानाशेजारी तरुणांच्या हातातल्या मोबाइलवर आणखी एक फड भरतो. तो म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्स, अर्थात ‘एमएमए’. कुस्ती, बॉक्सिंग, ज्युदो, किक-बॉक्सिंग अशा अनेक विद्यांची सरमिसळ असलेल्या या लढतींपूर्वी कोण जिंकणार याचे अंदाज टक्क्यांत सांगितले जातात. जून २०२४ मध्ये पूजा तोमर ही ‘यूएफसी’ या प्रमुख स्पर्धेत लढत जिंकणारी पहिली भारतीय ठरली, तेव्हापासून आपल्याकडेही या अंदाजांकडे लक्ष जाऊ लागले आहे. पण लढतीचा निकाल आधी सांगता येतो का? आणि येत असेल, तर कशाच्या आधारावर?

जोड लावणाऱ्याचे शास्त्र

यात्रेच्या मैदानात जोड लावणारे अनुभवी वस्ताद आणि पंच हे पहिले भाकीतकार. दोन पैलवानांचे वजन, उंची, वय, तालीम, मागच्या कुस्त्या हे सारे ते नजरेने तोलतात. मात्र त्यांचा हेतू वेगळा असतो. जिचा निकाल सहज सांगता येईल, ती जोड फसली. चांगली जोड म्हणजे नाणे हवेत उडवावे तशी, कोणत्याही बाजूला पडू शकणारी.

हेच काम गणिताने करण्याची पद्धत अर्पाद इलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने बुद्धिबळासाठी बसवली आणि १९७० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती स्वीकारली. प्रत्येक खेळाडूला गुणांकन असते. बलवानाला हरवले तर गुण जास्त वाढतात, दुबळ्याला हरवले तर थोडेच. दोघांच्या गुणांकनात १०० चा फरक असेल तर वरचढ खेळाडूची अपेक्षा सुमारे ६४ टक्के, २०० चा असेल तर ७६ टक्के आणि ४०० चा असेल तर ९१ टक्के धरली जाते. एमएमएचे काही संगणकीय अंदाजही याच पायावर उभे असतात. त्यात वय, हातांची लांबी, मागच्या लढतीतील दुखापत, डावखुरेपणा अशा गोष्टींची भर घातली जाते.

अडचण माहितीच्या तुटवड्याची आहे. क्रिकेटचा फलंदाज वर्षभरात शेकडो चेंडू खेळतो, पण एमएमएचा मल्ल वर्षातून जेमतेम दोन-तीनदा रिंगणात उतरतो. इतक्या कमी नोंदींवरून काढलेला अंदाज कच्चाच राहतो. शिवाय इथे ‘अ’ने ‘ब’ला हरवले आणि ‘ब’ने ‘क’ला, म्हणून ‘अ’ हा ‘क’ला हरवेलच असे नाही. पट काढण्यात पटाईत असलेला मल्ल बॉक्सरला भारी पडतो, पण गुडघ्याचा फटका अचूक मारणाऱ्यापुढे तोच वाकल्या मानेने सापडतो. माती आणि गादीचेही तसेच. मातीतली निकाली कुस्ती दमाची परीक्षा घेते. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुण मोजले जातात आणि तिथे चपळाई जास्त कामी येते. एका ठिकाणची कीर्ती दुसरीकडे जशीच्या तशी चालत नाही.

नाव झालेले का हरतात?

जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या बालेवाडीत झालेली महाराष्ट्र केसरी लातूरकरांच्या चांगली लक्षात आहे. आधीच्या दोन वर्षांचे विजेते अभिजित कटके आणि बाला रफिक शेख हे दोघेही मैदानात होते. त्यांच्यापैकी कोणीही अंतिम लढतीपर्यंत पोहोचले नाही. गदेसाठी समोरासमोर आले ते नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके. दोघेही लातूर जिल्ह्याच्या मातीतून घडलेल्या अर्जुन पुरस्कारविजेत्या काका पवार यांचे शिष्य, एकाच तालमीत एकमेकांचे डाव पाहिलेले. सदगीर ३-२ असा अवघ्या एका गुणाने जिंकला आणि जिंकल्यावर त्याने शेळकेलाच खांद्यावर उचलून घेतले.

इतके नावाजलेले मल्ल आधीच कसे बाद झाले? उत्तर साध्या गुणाकारात आहे. समजा, एखादा पैलवान इतका वरचढ आहे की, प्रत्येक कुस्ती जिंकण्याची त्याची शक्यता ८० टक्के आहे. गदेसाठी त्याला ओळीने पाच कुस्त्या जिंकायच्या आहेत. ०.८ हा आकडा पाच वेळा घेऊन गुणाकार केला तर उत्तर येते साधारण ०.३३. म्हणजे प्रत्येक कुस्तीत ‘हाच मारणार’ असे म्हणता येईल असा मल्लही तीनपैकी दोन वेळा गदेविना परततो. शक्यता ७० टक्के असेल तर ती १७ टक्क्यांपर्यंत घसरते.

म्हणून ‘७० टक्के’ या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. मराठवाड्याच्या शेतकऱ्याला तो पावसाच्या अंदाजातून ठाऊक आहे. ७० टक्के शक्यता सांगितलेल्या दहा दिवसांपैकी तीन दिवस आभाळ कोरडे राहणारच. त्यामुळे एका निकालावरून अंदाज खरा की खोटा ठरत नाही. त्याची पारख शेकडो लढतींच्या नोंदींवरच होते.

याच गल्लतीवर पैजेचा धंदा चालतो. दोन तुल्यबळ मल्लांवर रुपयाला एक रुपया नव्वद पैसे असा भाव दिला तर पैज लावणाऱ्याला केवळ मुद्दल टिकवण्यासाठीही १०० पैकी जवळपास ५३ वेळा बरोबर ठरावे लागते. फरक धंदा चालवणाऱ्याच्या खिशात जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. आपल्याला खेळ कळतो, या भरवशावर कर्ज काढणाऱ्या तरुणाने कायद्याआधी हे गणित पाहिले तरी पुरे.

लाल की निळा?

लढतीच्या भाकितात शास्त्रज्ञही चकतात. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये बॉक्सिंग, तायक्वांदो आणि कुस्तीच्या दोन प्रकारांत लाल किंवा निळा पोशाख चिठ्ठी काढल्यासारखा वाटून दिला जात होता. डरहॅम विद्यापीठाच्या रसेल हिल आणि रॉबर्ट बार्टन यांनी निकाल तपासले तेव्हा सुमारे ५५ टक्के लढती लाल पोशाखातल्यांनी जिंकल्याचे दिसले. २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि लाल रंगाच्या ताकदीची चर्चा जगभर झाली. पुढे अधिक स्पर्धांची आकडेवारी जमा झाली तसा हा फायदा जवळपास विरून गेला. थोड्या नोंदींवरून मोठा निष्कर्ष काढला की असे होते. ‘अमक्या तालमीचा पोरगा इथे हरत नाही’ या फडातल्या समजुतीही बहुधा याच जातीच्या असतात.

न दिसणारा आकडा

मग निकालाच्या जवळ नेणारे काय असते? त्यातली एक गोष्ट प्रेक्षकाला दिसतच नाही. ती म्हणजे मैदानात उतरताना पैलवानाच्या शरीरात पाणी किती आहे.

गादीवरची कुस्ती आणि एमएमए दोन्ही वजनगटांत चालतात. ६१ किलोचा मुलगा ५७ किलोच्या गटात उतरला तर समोरचा आपल्यापेक्षा लहान मिळेल, असा हिशेब केला जातो. चार किलो म्हणजे त्याच्या वजनाचा साडेसहा टक्के भाग. तो दोन-तीन दिवसांत उतरवायचा तर चरबी उतरत नाही, उतरते ते पाणी आणि स्नायूंत साठवलेली साखर. या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते, म्हणून काटा भराभर खाली येतो. त्यासाठी जाड किंवा प्लास्टिकचे कपडे घालून धावणे, तोंडात पाणी न घेणे, जुलाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी घेणे असे उपाय होतात. लघवी वाढवणारी औषधे खेळातील प्रतिबंधित यादीत आहेत.

शरीरातील पाणी वजनाच्या दोन टक्क्यांहून अधिक घटले की दम कमी पडू लागतो. रक्तातला द्रव घटतो, हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात, घाम आटतो आणि अंगातली उष्णता बाहेर पडेनाशी होते. मूत्रपिंडांवर ताण येतो. लातूर-नांदेडच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हा धोका दुपटीचा होतो. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे शरीरातल्या पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

ही भीती पुस्तकी नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत वजन उतरवताना काही आठवड्यांच्या अंतराने महाविद्यालयीन कुस्तीतले तीन मल्ल दगावले. त्यानंतर तिथे रबरी पोशाख आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी आली आणि वजन लढतीच्या अगदी आधी घेण्याचा नियम झाला. डिसेंबर २०१५ मध्ये यांग जियान बिंग हा चीनचा २१ वर्षांचा एमएमए मल्ल वजन उतरवताना गेला. त्याची लढत आयोजित करणाऱ्या ‘वन चॅम्पियनशिप’ने त्यानंतर वजनाबरोबर शरीरातील पाण्याचीही तपासणी सुरू केली.

ऑगस्ट २०२४ मधील पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तर भाकीत आणि काटा यांची गाठ साऱ्या देशाने पाहिली. ५० किलो गटात विनेश फोगटची पहिलीच कुस्ती जपानच्या युई सुसाकीशी होती. आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर एकदाही न हरलेल्या सुसाकीला विनेशने अखेरच्या क्षणी ३-२ असे हरवले. गुणांकनाच्या कोणत्याही हिशेबात हा निकाल बसत नव्हता. त्याच दिवशी ती अंतिम फेरीत पोहोचली आणि दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅम वजन जास्त भरल्याने बाद झाली. रात्रभर व्यायाम, घाम, केस कापणे हे सारे करूनही शरीराने तेवढे पाणी सोडले नाही.

घरातल्यांनी काय पाहावे?

तालमीत मुलगा किंवा मुलगी असलेल्या घरांनी काही खुणा ओळखायला हव्यात. वजन कमी करायचेच असेल तर ते आठवड्याला शरीराच्या दीड टक्क्याच्या आतच असावे. ७० किलोच्या मल्लासाठी ते जेमतेम एक किलो होते. त्याची आखणी स्पर्धेच्या कित्येक आठवडे आधी आणि खुराकातून व्हावी, पाणी तोडून नव्हे. वाढत्या वयातल्या मुलांनी आपल्या नेहमीच्या वजनाच्या गटातच खेळावे. या वयात उपाशी राहिल्याने उंची आणि हाडांच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो.

लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर ठीक. तो गडद झाला तर पाणी कमी पडते आहे. चहासारखी तपकिरी लघवी, बरळणे, चक्कर, उन्हात असूनही घाम न येणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी अंगावर पाणी ओतून, वारा घालून आधी शरीर थंड करावे आणि लगेच रुग्णालय गाठावे. वजन दिल्यानंतर एका दमात तांब्याभर पाणी ढोसण्यापेक्षा मीठ-साखरेचे पाणी थोडे थोडे, काही तासांत विभागून घ्यावे. एक किलो घटले असेल तर साधारण सव्वा ते दीड लिटर. डोक्याला मार लागून भोवळ आली, आठवेनासे झाले किंवा उलटी झाली तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू नये, मग इनाम कितीही मोठे असो. एमएमएमध्ये डोक्यावर थेट फटके बसतात, तिथे ही खबरदारी आणखी कडक हवी.

पूर्वी वस्ताद पैलवानाचे डोळे, जीभ आणि चाल पाहून ‘आज नको’ म्हणत आणि लावलेली जोड मोडत. त्यात पाण्याचे, झोपेचे, दुखापतीचे बरेच शास्त्र नकळत सामावलेले होते. कुस्ती कोण मारणार याचे सर्वांत बरोबर भाकीत करू शकणारा माणूस तोच असतो. आणि पैलवानाला त्या दिवशी आखाड्याबाहेर ठेवण्याचा अधिकारही त्याच्याकडेच असतो.