मिनिटाला 50 श्वास : तान्ह्याला ठीक, आजोबांना धोका! घरच्या शुश्रूषेत आधी वय का बघायचं?

रत्नागिरी : मंडणगडपासून राजापूरपर्यंत कुठल्याही वाडीत जा, बऱ्याच घरांत चित्र सारखंच दिसतं. कमावता माणूस मुंबईला, घरात म्हातारी माणसं, सून आणि नातवंडं. कोणी आजारी पडलं की डॉक्टरच्या आधी बघणारी घरातलीच बाई असते. म्हणजे घरची पहिली नर्स तीच. तिला इंजेक्शन देता आलं नाही तरी चालतं, पण कोणत्या वयात काय नॉर्मल आणि काय धोक्याचं, हे कळायला हवं. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींनाही म्हणूनच जन्मापासून म्हातारपणापर्यंत शरीर कसं बदलत जातं, ते शिकावं लागतं. एकच लक्षण असतं, पण वय बदललं की त्याचा अर्थ बदलतो.

श्वास : मोबाईलचं घड्याळ लावा आणि मोजा

एका महिन्याचं बाळ मिनिटाला 50 श्वास घेत असेल तर काळजी नाही. तेवढेच श्वास आठ महिन्यांच्या खोकणाऱ्या मुलाचे असतील तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. आणि आजोबांचे असतील तर लगेच गाडी बोलवायची, कारण मोठ्या माणसाचे श्वास साधारण 12 ते 20 असतात.

लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. मूल शांत असताना, दूध पीत किंवा रडत नसताना मोजायचं. अंगातलं झबलं वर करून पोटाकडे बघा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. तान्ह्या बाळाचा श्वास कमी-जास्त होतो, म्हणून 60 च्या वर आला तर परत एकदा मोजा. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल तर मात्र मोजत बसू नका, दवाखाना गाठा.

ताप : नसला तरी आजार असू शकतो

शाळकरी मुलाला आजार झाला की बहुतेक वेळा ताप चढतो आणि आपल्याला कळतं. तान्हं बाळ आणि म्हातारा माणूस, या दोघांचं तसं नाही. बाळाचं अंग काखेत 97.7 ते 99.5 फॅरनहाइट असावं. जंतुसंसर्गात ते गरम होतं, तसं थंडही पडतं. पाय आणि पोट गार लागलं तर आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवा, वरून पांघरूण घाला आणि आशाताईंना किंवा सिस्टरना कळवा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी दाखवा.

आजी-आजोबांना छातीत किंवा लघवीत जंतुसंसर्ग झाला तरी कधी कधी ताप येतच नाही. कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज अचानक माणसं ओळखत नाही, जेवत नाही, चालताना पडते. "वय झालं, आता असंच" म्हणून आपण सोडून देतो. विसरभोळेपणा महिनोन् महिने हळूहळू वाढतो. एक-दोन दिवसांत आलेला गोंधळ हा आजार समजायचा.

वजन : आकड्यापेक्षा रेघ बघा

जन्माचं वजन साधारण पाचव्या महिन्यात दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होतं. पहिल्या आठवड्यात थोडं घटतं, ते दोन आठवड्यांत भरून यायला हवं. अंगणवाडीत वजनाचा तक्ता असतो. शेजारच्या पोराशी तुलना करू नका, आपल्या मुलाची रेघ वर जाते का ते बघा. रेघ आडवी झाली तर विचारा. नऊ महिन्यांपर्यंत बसत नसेल, दीड वर्षापर्यंत चालत नसेल तरी दाखवून घ्या.

वयात येणाऱ्या मुलीचं उंची-वजन झपाट्याने वाढतं, पाळी सुरू होते, लोह जास्त लागतं. तिचा थकवा म्हणजे आळस नव्हे, रक्त कमी असू शकतं. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी त्यासाठीच असते. म्हाताऱ्या माणसाचं वजन काही न करता घटत असेल, तर तेही दाखवायचं लक्षण आहे.

औषध : अर्धी गोळी म्हणजे लहानांचा डोस नव्हे

मोठ्यांची तापाची गोळी मोडून मुलाला देऊ नका. मुलांचा डोस वजनावर ठरतो. म्हातारपणी मूत्रपिंडं मंदावतात, त्यामुळे दुकानातून आणलेली अंगदुखीची गोळी आजोबांना रोज देणंही धोक्याचं. बेशुद्ध किंवा झोपेत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. जागं असेल तर आधी बसवा, मग घोट-घोट द्या.

अंथरुणाला खिळलेलं माणूस

दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाड, टाचा, खुबे रोज बघा. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा होत नसेल तर जखमेची सुरुवात झाली. तिथे चोळू नका, त्या जागेवरचा भार काढा. एकटीला उचलवत नसेल तर अंगाखाली दुहेरी चादर घाला आणि दोघांनी धरून सरकवा. फरफटवलं की कातडी सोलते.

हे घरच्यांना जमतं का? गडचिरोलीने दाखवलं

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1995 ते 1998 या काळात गडचिरोलीतल्या 39 गावांत हेच करून पाहिलं. थोडं शिकलेल्या गावातल्याच बायकांना बाळाचा श्वास मोजायला, वजन करायला, अंगाची ऊब बघायला आणि धोक्याची लक्षणं ओळखायला शिकवलं, उपचारही शिकवले. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. 2011 पासून देशभर आशाताई घरी येऊन बाळ बघतात, त्यात या कामाचा मोठा वाटा आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी त्यांची भेट असते. "बाळ बरं आहे" म्हणून दारातून परत पाठवू नका, बाळ उघडून बघू द्या.

एक वही ठेवा

घरात शंभर पानी वही ठेवा. तारीख, वेळ, श्वास, ताप, किती खाल्लं, लघवी कितीदा, कोणती गोळी दिली, एवढंच लिहा. डॉक्टरला "दोन दिवस बरं नाही" यापेक्षा ही वही जास्त सांगते. तोंड वाकडं झालं, एका हाताची ताकद गेली, बोलणं अडखळलं तर वेळ जरूर लिहा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आपल्या वाडीतून मोठ्या दवाखान्यात पोचायलाच त्यातला बराच वेळ जातो.

बाळ दूध ओढत नाही, रडणं क्षीण झालं, हातपाय ढिले पडले, फिट आली, श्वास लागला किंवा माणूस शुद्धीत नाही, तर 108 ला फोन करा. गावाबरोबर वाडीचं नाव आणि जवळची खूण सांगा. गाडी दारापर्यंत येत नसेल तर कुठपर्यंत येते तेही सांगा आणि एक माणूस रस्त्यावर उभा करा. पावसाळ्याआधीच घरात ठरवून ठेवा : रात्री-अपरात्री माणसाला रस्त्यापर्यंत उचलून नेणारे चौघे कोण?