जड धातूंचे प्रदूषण आणि गोड्या पाण्यातील प्राणिप्लवक

पाणी पिण्यायोग्य ठरले म्हणजे ते त्यातील जीवांनाही निर्धोक असते, असा सर्वसाधारण समज आहे. प्राणिप्लवकांच्या बाबतीत तो खरा ठरत नाही. प्रस्तुत लेखात याचा थोडक्यात विचार केला आहे.

प्राणिप्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी. गोड्या पाण्यात रोटिफेरा, क्लॅडोसेरा, कोपेपोडा आणि ऑस्ट्राकोडा हे त्यांचे प्रमुख गट होत. नारूच्या रोगामुळे जुन्या पिढीला परिचित असलेला सायक्लॉप्स कोपेपोडा गटातील, तर डॅफ्निया क्लॅडोसेरा गटातील आहे. हे जीव सूक्ष्म शैवाल खातात आणि माशांची पिल्ले त्यांच्यावर जगतात.

जड धातूंचे स्रोत

बेळगावातील ओतकाम व यंत्रनिर्मिती, हुपरीचा चांदीकाम व्यवसाय, इचलकरंजीची कापड प्रक्रिया हे या सीमाभागाचे प्रमुख उद्योग. प्लेटिंग, रंगकाम आणि धातुकामाच्या सांडपाण्यात तांबे, जस्त, निकेल, क्रोमियम असू शकतात. मूर्तींच्या रासायनिक रंगांतून शिसे व कॅडमियम येऊ शकते. सेंद्रिय घाण कालांतराने कुजून जाते, पण धातूंचे विघटन होत नाही. ते गाळात साठतात. प्राणिप्लवकांची सुप्त अंडीही त्याच गाळात असतात.

प्राणिप्लवकांवरील परिणाम

कॅडमियम कॅल्शियमच्या मार्गाने शरीरात शिरते आणि कॅल्शियमचे शोषण रोखते. तांबे अल्प प्रमाणात आवश्यक असले तरी जास्त झाल्यास शरीरातील सोडियमचे संतुलन बिघडवते. परिणामी वाढ खुंटते व पिल्लांची संख्या घटते. कठीण पाण्यात कॅल्शियम अधिक असल्याने ही विषारिता काहीशी कमी होते.

बीझिंजर व क्रिस्टेन्सन यांनी १९७२ साली डॅफ्नियावर केलेला अभ्यास येथे उद्बोधक आहे. लिटरमागे अवघ्या ०.१७ मायक्रोग्रॅम कॅडमियममुळे प्रजनन १६ टक्क्यांनी घटले. अन्न न दिलेल्या डॅफ्नियांपैकी निम्म्या ४८ तासांत मरण्यास सुमारे १०० मायक्रोग्रॅम जस्त पुरेसे ठरले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आय.एस. १०५०० : २०१२ मध्ये, कॅडमियमची मर्यादा ३ मायक्रोग्रॅम, तर जस्ताची स्वीकार्य मर्यादा ५ मिलिग्रॅम, म्हणजेच ५००० मायक्रोग्रॅम आहे. हे मानक माणसाच्या आरोग्यासाठी आहे, तळ्याच्या आरोग्यासाठी नाही.

संवेदनशील क्लॅडोसेरा घटले की शैवाल खाणारे कमी होतात, पाणी हिरवे पडते आणि मत्स्यबीजाला अन्न मिळत नाही. मासे मरून तरंगण्याच्या कितीतरी आधी ही सूचना मिळते.

निष्कर्ष

वेदगंगा दूधगंगेला आणि दूधगंगा कृष्णेला मिळते. प्रदूषण राज्याची सीमा पाळत नाही. म्हणून दोन्ही बाजूंच्या महाविद्यालयांनी नद्या व तलावांतील प्राणिप्लवकांची गटवार गणना ऋतुमानानुसार नियमित करावी. त्यासाठी प्लवकजाळे, फॉर्मेलिन आणि साधा सूक्ष्मदर्शक पुरेसे आहेत. गणनेत क्लॅडोसेरा सातत्याने घटलेले दिसल्यास पाणी आणि गाळ या दोहोंतील धातूंची तपासणी करून घेणे आवश्यक आहे.