रक्ताची गोळी आणि मूत्रपिंडाचा हिशेब

भाद्रपद जवळ आला की अनेक घरांत व्रतांची आखणी सुरू होते. असेच एक घर डोळ्यांसमोर आणावे. घरातील आजींचे वय ७६ वर्षे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित असल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांनी ॲपिक्सॅबान हे औषध ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोन वेळा, असे सुरू केले. त्या वेळी रक्तातील क्रिएटिनिन १.२ होते आणि वजन ५४ किलो. तेव्हापासून तीच चिठ्ठी औषधाच्या दुकानात दाखवून तीच गोळी आणली जाते. मधल्या काळात क्रिएटिनिन १.६ झाले, वजन ५० किलोवर आले. "आई, दात घासताना हिरड्यांतून रक्त येतंय, एकदा डॉक्टरांना दाखवू या," असे सून दोनदा म्हणाली. "अगं, वयाने होतं ते," एवढेच आजींचे उत्तर. दशलक्षण पर्वात उपवास करण्याचा त्यांचा निश्चय मात्र पक्का आहे.

या घरात बेपर्वाई कोणाचीच नाही. तीन वर्षांत एकही गोळी चुकलेली नाही. तरीही एक धोका नकळत घरात शिरला आहे. गोळीची मात्रा ठरली ती तीन वर्षांपूर्वीच्या मूत्रपिंडाची क्षमता पाहून. ती क्षमता आज उरलेली नाही, आणि मात्रा मात्र तीच आहे.

दोन्ही बाजूंचा धोका

'रक्त पातळ करणारी गोळी' हे नाव रूढ झाले असले तरी या गोळीने रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही. रक्त गोठण्याची प्रक्रिया तेवढी मंदावते. हृदयाचे वरचे कप्पे नियमित आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागले, तर त्यांत रक्त साचते व गुठळी बनते. वैद्यकशास्त्रात या विकाराला ॲट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. ती गुठळी वाहत मेंदूत पोहोचली की पक्षाघात होतो. तो टाळण्यासाठी ही गोळी. पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी झालेल्यांना, तसेच हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्यांनाही अशा औषधांची गरज असते.

मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार या चित्रात दोन्ही बाजूंनी भर घालतो. अशा रुग्णांत हृदयाची अनियमितता अधिक आढळते आणि गुठळी होण्याची प्रवृत्तीही वाढते. त्याच वेळी, मूत्रपिंडाने बाहेर टाकायची द्रव्ये रक्तात साठल्यामुळे रक्त थांबवणाऱ्या सूक्ष्म कणिका, म्हणजे प्लेटलेट्स, नीट काम करेनाशा होतात आणि रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. म्हणून भीतीपोटी गोळी बंद करणे जितके घातक, तितकेच ती डोळे मिटून घेत राहणे घातक.

क्रिएटिनिनचा आकडा एकटा पुरेसा नाही

अहवालावरील क्रिएटिनिनचा आकडा पाहून 'थोडेसेच वाढले आहे' असे समाधान करून घेण्याची पद्धत घरोघरी आहे. तथापि तोच आकडा निरनिराळ्या माणसांत निरनिराळे सांगतो. औषधाची मात्रा ठरवताना डॉक्टर बहुधा कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या संशोधकांनी १९७६ मध्ये मांडलेले सूत्र वापरतात. १४० मधून वय वजा करावे, त्यास किलोतील वजनाने गुणावे, आणि क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागावे. रुग्ण स्त्री असल्यास आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणावे. मूत्रपिंड मिनिटाला किती मिलिलिटर रक्त क्रिएटिनिनपासून स्वच्छ करते, याचा अंदाज त्यातून मिळतो.

वरील आजींचा हिशेब या सूत्राने करून पाहावा. तीन वर्षांपूर्वी, वय ७३ असताना, उत्तर सुमारे ३६ येत होते. आज ते सुमारे २४ येते. क्रिएटिनिन केवळ ०.४ ने वाढले, पण क्षमतेचा तिसरा हिस्सा गेला. याउलट ४५ वर्षांच्या, ८० किलो वजनाच्या पुरुषाचे क्रिएटिनिन तेच १.६ असेल, तर त्याचे उत्तर सुमारे ६६ येईल. एकाच आकड्यामागे दोन अगदी वेगळ्या प्रकृती दडलेल्या असतात.

हा हिशेब मात्रेशी कसा जोडला जातो, हे ॲपिक्सॅबानच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. ॲट्रियल फिब्रिलेशनसाठी या औषधाची नेहमीची मात्रा ५ मिलिग्रॅम दोन वेळा अशी असते. वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा अधिक, या तीनपैकी दोन गोष्टी लागू झाल्या तर ती २.५ मिलिग्रॅम दोन वेळा अशी केली जाते. तीन वर्षांपूर्वी आजींना यांतील एकच गोष्ट लागू होती, आज दोन लागू होतात. म्हणजे मात्रेचा फेरविचार केव्हाच व्हायला हवा होता. मात्र हा निर्णय डॉक्टरांचाच. केवळ भीतीने स्वतःच्या मनाने गोळी अर्धी करणाऱ्यांना पक्षाघातापासून पुरेसे संरक्षण मिळत नाही.

दोन घराणी, दोन स्वभाव

या औषधांची दोन घराणी आहेत. जुन्या घराण्यात वॉरफरिन आणि ॲसेनोकूमारॉल येतात. १९३३ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला डबा घेऊन विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाकडे गेला. कुजलेला चारा खाऊन त्याची जनावरे रक्तस्रावाने मरत होती. त्या चाऱ्यातील घटकाच्या शोधातून पुढे वॉरफरिन आले. १९४८ मध्ये ते उंदीर मारण्याचे विष म्हणून बाजारात आले, १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झाले, आणि १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकारानंतर ते दिले गेले. मात्रा सांभाळली तर औषध, सुटली तर विष, हे या गोळीच्या जन्मकथेतच आहे.

ही जुनी औषधे मुख्यतः यकृतात निकामी होतात. तरीही मूत्रपिंड दुबळे असलेल्यांना त्यांची मात्रा बहुधा कमी लागते, आणि आयएनआर ही रक्ततपासणी वारंवार करावी लागते. ॲट्रियल फिब्रिलेशनमध्ये हा आकडा सामान्यतः २ ते ३ च्या दरम्यान राखला जातो. तो फार वाढला तर मूत्रपिंडातच रक्तस्राव होऊन आधीच दुबळे झालेले मूत्रपिंड अधिक बिघडू शकते.

नव्या घराण्यात डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्सॅबान, ॲपिक्सॅबान ही औषधे येतात. त्यांना आयएनआर लागत नाही, म्हणून 'यांना तपासणीच नको' असा गैरसमज पसरला आहे. वस्तुतः यांना मूत्रपिंडाची तपासणी हवी. डॅबिगॅट्रान सुमारे ८० टक्के मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, रिव्हरॉक्सॅबान सक्रिय रूपात सुमारे एक तृतीयांश, तर ॲपिक्सॅबान सुमारे २७ टक्के. म्हणून मूत्रपिंड मंदावले की पहिले औषध सर्वांत जास्त साठते. युरोपातील हृदयतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत एक सोपा ठोकताळा आहे. वरील सूत्राचे उत्तर ६० किंवा त्याहून कमी असेल, तर त्याला १० ने भागावे, जो आकडा येईल तितक्या महिन्यांनी तपासणी करावी. म्हणजे आजींची तपासणी दोन-अडीच महिन्यांनी व्हायला हवी.

धातूची कृत्रिम झडप बसवलेल्यांसाठी, तसेच संधिवातज्वरामुळे हृदयाची झडप बरीच अरुंद झालेल्यांसाठी, जुन्या घराण्यातील औषधच योग्य ठरते. 'शेजारच्यांना नवी गोळी चालते, आम्हालाही द्या' असा आग्रह तेथे धरू नये. डायलिसिसवर असलेल्यांना अशी गोळी द्यावी की नाही याबाबत तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. तेथे प्रत्येक रुग्णाचा विचार स्वतंत्रपणे होतो.

चातुर्मासातील ताट आणि गोळी

जुन्या घराण्यातील औषधे 'के' जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा आणून काम करतात. पालक, मेथी, शेपू, कोथिंबीर, कोबी यांत हे जीवनसत्त्व भरपूर असते. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य करणाऱ्या घरांत त्याचा पुरवठा एकाएकी घटतो, तीच गोळी अधिक प्रभावी ठरते आणि आयएनआर वाढतो. कार्तिकी पौर्णिमेनंतर ताटात रोज मेथी-पालक आले की तो उतरतो आणि गुठळीचा धोका डोके वर काढतो. त्याग सोडण्याची गरज नाही. आषाढात त्याग सुरू झाल्यावर आठ-दहा दिवसांनी आणि कार्तिकात तो सुटल्यावर पुन्हा, अशी दोनदा आयएनआर तपासून घ्यावी, आणि आहारातील बदल डॉक्टरांना आधी सांगावा. पोटॅशियम वाढल्यामुळे ज्या मूत्रपिंडाच्या रुग्णांना पालेभाज्या कमी करण्यास सांगितले आहे, त्यांनीही हीच दक्षता घ्यावी.

नव्या घराण्यात अडचण वेळेची असते. रिव्हरॉक्सॅबानच्या १५ व २० मिलिग्रॅमच्या गोळ्या जेवणासोबतच घ्याव्या लागतात. उपाशीपोटी २० मिलिग्रॅमची गोळी घेतल्यास औषध सुमारे दोन तृतीयांशच रक्तात पोहोचते. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी ती त्या जेवणासोबत रोज ठराविक वेळी घ्यावी, रात्री झोपताना नव्हे. ॲपिक्सॅबान बारा तासांच्या अंतराने घ्यायचे असते. भाद्रपदात महाराष्ट्रातील दिवस साधारण बारा तासांचा असल्याने सूर्योदयानंतर व सूर्यास्तापूर्वी अशा दोन मात्रा बसवता येतात. हिवाळ्यात दिवस लहान होतो, म्हणून वर्षभराच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

खरी चिंता निर्जल उपवासाची आहे. पाणी कमी पडले की दुबळे मूत्रपिंड आणखी मंदावते, आणि मूत्रपिंडावाटे जाणारे औषध साठू लागते. जुलाब-उलट्यांतही हेच घडते. उलटपक्षी, व्रतासाठी गोळीच सोडली तर नव्या औषधांचे संरक्षण एक-दोन दिवसांतच संपते. म्हणून उपवास ठरवण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि तो गुरुजनांपुढे ठेवावा. प्रत्याख्यानात समाधीसाठी आगार आहे, आणि शक्तीनुसार तप हीच परंपरेची शिकवण आहे. ऊनोदरी आणि रसपरित्याग ही बाह्य तपेच आहेत. स्वाध्याय, वैयावृत्त्य आणि ध्यान ही आभ्यंतर तपे तर कोणत्याही प्रकृतीला सोसतात.

घरात सांभाळायच्या गोष्टी

गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या सहज घेतल्या जातात. त्या मूत्रपिंडाला इजा करतात आणि रक्तस्रावाचा धोकाही वाढवतात. या रुग्णांनी त्या स्वतःहून कधीच घेऊ नयेत. काही प्रतिजैविके व बुरशीनाशके, तसेच काढे आणि अर्कांच्या गोळ्याही या औषधांचा परिणाम बदलू शकतात. कोणतेही नवे औषध सुरू करण्यापूर्वी 'मूत्रपिंडाचा विकार आहे आणि रक्ताची गोळी चालू आहे' ही दोन वाक्ये डॉक्टरांना सांगावीत. दात काढण्यापूर्वीही गोळी आपणहून बंद करू नये. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडून घेऊ नये, आणि ती मूळ वेष्टनातच ठेवावी, कारण ओलाव्याने ती खराब होते. गोळी चुकली म्हणून पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये.

डांबरासारखे काळे शौच, लालसर लघवी, न थांबणारा नाकाचा घोळणा, कारणाविना पडणारे निळे-काळे डाग, ही लक्षणे दिसताच डॉक्टर गाठावेत. डोक्याला मार लागला तर वरून जखम दिसत नसली तरी लगेच रुग्णालयात जावे. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची चिन्हे आहेत. तेथे एक तासही दवडू नये. रुग्णालयात पोहोचताच गोळीचे नाव आणि शेवटची मात्रा घेतल्याची वेळ सांगावी.

या साऱ्यासाठी घरात एक कागद पुरेसा आहे. त्यावर वय, वजन, शेवटचे क्रिएटिनिन व त्याची तारीख, गोळीचे नाव व मात्रा, ती कोणत्या कारणासाठी आहे, आणि पुढील तपासणीची तारीख लिहावी. तो कागद औषधांच्या डब्यात ठेवावा. तारीख उलटली असेल तर दुकानात जुनी चिठ्ठी दाखवण्याआधी दवाखान्यात जावे.

आरंभीच्या घरातील सुनेने हेच करावे. पर्व सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी सासूबाईंना सोबत घेऊन, जुने-नवे दोन्ही अहवाल डॉक्टरांपुढे ठेवावेत, हिरड्यांतून येणाऱ्या रक्ताचा उल्लेख करावा आणि उपवासाविषयीही मोकळेपणाने विचारावे. मात्रा बदलेल, कदाचित व्रताचे स्वरूपही बदलेल. दहाही दिवस आजी मंदिरात जातील, आणि परतताना त्यांचा हात सुनेच्या हातात असेल, एवढे साधले तरी ते वैयावृत्त्यच होय.