क्रँककेसचा दाब, ऑइल कॅच कॅन आणि जंगलातील वाहने

पेट्रोल वा डिझेल इंजिनात इंधन पेटल्यावर निर्माण होणारा वायू पिस्टनला खाली ढकलतो. तथापि पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांमधील सूक्ष्म फटींतून त्याचा थोडा अंश खालच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट ज्या पेटीत फिरतो तिच्यात, निसटतोच. या निसटलेल्या वायूला ‘ब्लो-बाय’ म्हणतात, आणि इंजिन ‘बॅक कॉम्प्रेशन’ मारते अशी मिस्त्रींची तक्रार असते तेव्हा हाच वायू प्रमाणाबाहेर वाढलेला असतो. त्याला वाट मिळाली नाही, तर क्रँककेसमधील दाब वाढत जाऊन ऑइल सील आणि गास्केटमधून ऑइल बाहेर फेकले जाते.

पूर्वी हा वायू एका नळीने थेट रस्त्यावर सोडला जाई. हवेच्या प्रदूषणामुळे कॅलिफोर्नियात १९६१ च्या सुमारास नव्या मोटारींमध्ये तो पुन्हा इंजिनाच्या हवेच्या मार्गात वळवून जाळण्याची पद्धत आली आणि आज ती सर्वत्र रूढ आहे. तिची उणीव एवढीच, की हा वायू एकटा परतत नाही. फिरत्या भागांनी उडवलेल्या ऑइलचे बारीक तुषारही तो सोबत नेतो. टर्बो बसवलेल्या किंवा ईसीयूचे, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचे, प्रोग्रामिंग बदलून ताकद वाढवलेल्या इंजिनात सिलिंडरमधील दाब वाढल्याने ब्लो-बायही वाढतो, टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमध्ये ऑइल साचू लागते, पेट्रोल इंजिनात ते इंधनाची ऑक्टेन क्षमता घटवून नॉकिंगला, म्हणजे इंधन अवेळी भडकण्याला, निमंत्रण देते, तर डिझेल इंजिनात ईजीआरमधून, म्हणजे एक्झॉस्टचा काही वायू पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेतून, परतणाऱ्या काजळीशी मिसळून त्याचा चिकट थर हवेचा मार्ग अरुंद करतो.

ऑइल कॅच कॅन हे क्रँककेसची ब्रीदर नळी आणि इंजिनाचा हवामार्ग यांच्या मध्ये बसवलेले भांडे होय. त्यातील आडव्या पट्ट्यांवर आणि भांडी घासायच्या तारेसारख्या जाळीवर वायू आपटला, की तुषार एकत्र येऊन तळाशी जमतात आणि बराचसा निथळलेला वायू पुढे जाऊन जळतो.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलांच्या जिल्ह्यांत या भांड्याचा विचार स्थानिक परिस्थितीसह करावा लागतो. मे महिन्यात चंद्रपूरचे तापमान ४५ अंशांपलीकडे जाते तेव्हा इंजिनाभोवतीची हवाच तापलेली असल्याने कॅनमध्ये तुषार थंड होऊन साचणे अवघड होते. म्हणून कॅन टर्बो आणि एक्झॉस्टपासून दूर, वाहत्या हवेत बसवणे आवश्यक ठरते. कोळसा खाणींच्या आणि एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखनिजाच्या वाहतुकीच्या रस्त्यांवरील धुळीने एअर फिल्टर तुंबला, तर फिल्टर आणि टर्बो यांमधील ओढ वाढून क्रँककेसमधून ऑइल अधिक खेचले जाते, आणि अशा वेळी फिल्टर बदलणे हाच पहिला उपाय असतो. पावसाळ्यात व थंडीत लहान फेऱ्यांवर इंजिन पुरेसे तापत नसल्याने वायूतील पाण्याची वाफही कॅनमध्ये जमते आणि ऑइल दुधाळ दिसते. तेवढ्यावरून हेड गास्केट गेले, असा निष्कर्ष काढू नये.

काही वाहनधारक परतीची नळी काढून कॅनवर लहान फिल्टर बसवतात आणि वायू मोकळ्या हवेत सोडतात. शर्यतीच्या मैदानाबाहेर ही पद्धत समर्थनीय नाही. भारत स्टेज मानके पेट्रोल वाहनांचा हा वायू वातावरणात सोडू देत नाहीत. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसे स्पष्ट केले आहे. जंगलात याहून जवळचे कारण आहे. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो, साग आणि बांबूची पाने तेव्हा रस्त्याच्या कडेला वाळून पडलेली असतात, आणि भरून वाहणाऱ्या कॅनमधून तप्त एक्झॉस्टवर ठिबकलेले ऑइल पेट घेऊ शकते. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोब्यात पर्यटकांना उघड्या जिप्सीतून नेले जाते. तेथे मोकळ्या सोडलेल्या वायूचा तेलकट वास आधी त्यांच्याच श्वासात जाईल.

कॅन किती लवकर भरतो, ही माहिती मोलाची आहे. ताकद न वाढवलेल्या, सामान्य वापरातील इंजिनाचा कॅन काही शे किलोमीटरमध्येच काठोकाठ येत असेल, तर मोठा कॅन घेण्याआधी सिलिंडरची कॉम्प्रेशन चाचणी करून रिंगांची स्थिती पाहावी, कारण झिजलेल्या रिंगांमुळे येणारा वायू कोणतेही भांडे थांबवू शकत नाही. साचलेले ऑइल पुन्हा इंजिनात ओतू नये. त्यात पाणी, इंधन आणि आम्लधर्मी पदार्थ मिसळलेले असतात. वापरलेल्या ऑइलला २०१६ च्या घातक कचरा नियमांचे बंधन असल्याने ते नाल्यात किंवा पायवाटेवर न ओतता झाकणाच्या डब्यात भरून अधिकृत संकलकाकडे द्यावे, आणि जंगलात शिरण्यापूर्वी गॅरेजमध्येच कॅन रिकामा करून त्याच्या नळ्यांचे क्लॅम्प तपासावेत.