अंगणातील पाहुणे

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ऊन फार कडक. मे महिन्यात नाले आटतात. पाखरांना पाणी मिळत नाही. म्हणून आम्ही कडूलिंबाखाली फुटक्या मडक्याच्या बुडात पाणी ठेवतो अन् बाजूला ज्वारी टाकतो.

सकाळीच चिमण्या येतात. त्यांची चोच आखूड व जाड असते, म्हणून दाणा फोडता येतो. ज्याच्या गळ्यावर काळा डाग, तो चिमणा. होले दाणे अख्खेच गिळतात. साळुंकी भाकरीचा तुकडा पळवते. सातभाई घोळक्याने येतात अन् खूप कलकल करतात. बुलबुल ज्वारीला तोंड लावत नाही, फक्त पाणी पितो. त्याला फळे व किडे आवडतात.

चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिलांना अळ्या भरवते. म्हणून ती शेतकऱ्याची मैत्रीण आहे.

पेरणीच्या बियाण्याला विषारी औषध लावलेले असते. तो दाणा रंगीत दिसतो. तो पाखरांना कधीच टाकू नये अन् अंगणात सांडला तर लगेच मोठ्यांना सांगावे. तो खाऊन पाखरे मरतात. पाणी रोज बदलावे, भांडे घासावे.

२० मार्चला जागतिक चिमणी दिन असतो. तो २०१० पासून पाळतात. मित्रांनो, तुम्हीपण दारात पाणी ठेवा!

— इयत्ता ४ थी